अबायडोसचं हेलिकॉप्टर आणि कडा छाटलेले फोटो

आमच्या आत्याची डिसेंबरची इजिप्तची टूर ठरली आणि लगोलग तिला तो फॉरवर्ड आला. यायचाच होता. "5000 वर्षांपूर्वीच्या मंदिरांत हेलिकॉप्टर आणि विजेचे बल्ब कोरलेत. छतावर काजळीचा ठिपका नाही, म्हणजे आत वीज होती. रंग एवढे ताजे, म्हणजे तिथल्या सरकारने टुरिस्टांसाठी नव्याने मारलेत. आणि हे जगाला कळू नये म्हणून फोटोला बंदी आहे." खाली एक टीपही: भिंतीवरून ओला टिश्यू हलक्या हाताने फिरवा, मग फ्लॅश मारा, लपलेलं चित्र उठून दिसतं. वर आत्याचा प्रश्न, "तू कॅमेरेवाला ना, सेटिंग काय ठेवू?"

नुसतं हेलिकॉप्टर असतं तर मी गप्प बसलो असतो. टिश्यू वाचला आणि राहवलं नाही.

म्हणून आधी टिश्यू. हे रंग दगडात मुरलेले नाहीत. दगडावर प्लास्टरचा पातळ हात आणि त्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेले खनिज रंग, असा तो मामला आहे. डिंक आणि सरस पाण्याने सुटतात, हे सांगायला इजिप्तला जायची गरज नाही. 19व्या शतकात अभ्यासकांनी कोरीव कामाचे ठसे घेण्यासाठी भिंतींवर ओला कागद थापला. ठसे सुंदर आले, पण कित्येक ठिकाणी कागदाबरोबर रंगही निघून आला. ती माणसं निदान शिकलेली होती. दिवसाला शेकडो पर्यटक ओले टिश्यू घेऊन उभे राहिले तर काय उरेल, याचा हिशेब फॉरवर्ड लिहिणाऱ्याने करावा.

आता हेलिकॉप्टर. फोटो खरा आहे, जागाही खरी आहे: इजिप्तमधल्या अबायडोसचं, सेती पहिला या राजाचं मंदिर, खांबांच्या दालनातली उंचावरची तुळई. वय 5000 नाही, साधारण 3300 वर्षं. सेतीच्या काळात त्या तुळईवर त्याची बिरुदं कोरली गेली, त्यात "नऊ धनुष्यांना नमवणारा" हे एक. नऊ धनुष्यं म्हणजे इजिप्तचे परंपरागत शत्रू. सेती गेला, मंदिराचं काम मुलाने, म्हणजे रामसेस दुसऱ्याने, पुढे नेलं आणि त्याच जागी स्वतःचं बिरुद घातलं: "इजिप्तचा रक्षणकर्ता, परदेशांना नमवणारा". जुनी अक्षरं प्लास्टरने बुजवली, वर नवी कोरली, रंग दिला. पुढे प्लास्टर गळून पडलं आणि दोन्ही राजांची अक्षरं एकमेकांत दिसू लागली. शाळेत अर्धवट पुसलेल्या फळ्यावर पुढच्या तासाचे मास्तर लिहायचे, तसं. त्यातून एका कोपऱ्यात पंखा आणि शेपूट असलेला आकार तयार झाला, बाजूला पाणबुडी आणि विमानही झालं म्हणतात.

मजा अशी की ही दोन्ही बिरुदं इतरत्र न बुजवता, सुटीसुटी कोरलेली आहेत. तिथे हेलिकॉप्टर नाही. फॉरवर्डमधला फोटो नेमका तेवढ्या चौकटीत छाटलेला असतो, कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो, आणि शेजारची सरळ वाचता येणारी अक्षरं चौकटीबाहेर गेलेली असतात. कोरीव कामाचा फोटो काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं: तिरप्या उजेडात दगडावरची भेगसुद्धा रेघ वाटते आणि समोरून उजेड टाकला तर खरी रेघही गायब होते. म्हणून लक्सरला 1924पासून काम करणारं शिकागो विद्यापीठाचं पथक नुसत्या फोटोवर कधीच थांबलं नाही. त्यांची मूळ पद्धत अशी: फोटो मोठा करतात, चित्रकार तो घेऊन भिंतीसमोर उभा राहतो आणि फोटोवरच पेन्सिलने रेघ न् रेघ काढतो. मग ती शाईने पक्की करतात आणि खालचा फोटो रसायनाने उडवून टाकतात. राहिलेलं रेखाचित्र घेऊन अभ्यासक पुन्हा भिंतीपाशी जातात आणि ताडून बघतात. कोणती रेघ जुनी, कोणती नंतरची, कोणता नुसता टवका, हे तिथे ठरतं. मोबाइलवर झूम करून नाही.

बल्बचंही तेच. इजिप्तमधल्याच डेंडेराच्या, हाथोर देवीच्या मंदिराचं बांधकाम इ.स.पू. 54मध्ये सुरू झालं, म्हणजे 5000मधली तीन हजार वर्षं इथेच गेली. तळघरातल्या अरुंद बोळात ते शिल्प आहे: कमळातून लांबट फुगा निघालेला, आत वळवळणारा साप, फुग्याला हात असलेल्या खांबाचा टेकू. फॉरवर्डच्या मते कमळ म्हणजे होल्डर, साप म्हणजे तार आणि खांब म्हणजे इन्सुलेटर. तो खांब म्हणजे जेद, ओसायरिस या देवाच्या पाठीचा कणा. त्याचे चिमुकले ताईत इजिप्तमध्ये ढिगाने सापडतात. गळ्यात इन्सुलेटर घालून हिंडत होते काय सगळे? आणि शिल्पाच्या भोवती मजकूर कोरलेला आहे, जो फोटोत कधीच येत नाही. या तळघरांतल्या मजकुरांचं भाषांतर वोल्फगांग वाइटकुस यांनी 1997मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात हारसोमतुस हा देव सापाच्या रूपात कमळातून प्रकटतो, असं सरळ आहे. तळघरात पूजेच्या मूर्ती ठेवत, म्हणून मूर्ती कशाची आणि किती उंच याच्याही नोंदी भिंतीवर आहेत. विजेचा उल्लेख कुठेच नाही. बल्ब म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तो मजकूर वाचून दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही.

काजळी नाही म्हणे! डेंडेराच्या छताचे साफसफाईआधीचे फोटो बघा. तव्यासारखं काळं होतं ते. आता दिसणारी निळाई काजळीचे थर काढल्यावरची आहे. बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर ती काजळी बरीचशी नंतर मंदिरात राहिलेल्या लोकांच्या चुलींची आणि मशालींची. त्यावरून मूळ कारागिरांच्या दिव्यांबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि राजांच्या काही थडग्यांत काजळी खरंच फार कमी दिसते. पण ती थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या वस्तीतून, देर अल-मदिनामधून, हिशेबाच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. त्यावर दिव्याच्या वाती किती दिल्या, सकाळी किती जळल्या, दुपारी किती, हे टिपलेलं आहे. घरात वीज असताना वातींची खतावणी कोण ठेवतं?

रंग नवे मारलेत, हा मुद्दा. इजिप्तमधल्या एस्नाच्या, ख्नुम देवाच्या मंदिरात 2018मध्ये इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि जर्मनीच्या ट्युबिंगेन विद्यापीठाचे ख्रिस्टियान लाइट्झ यांच्या पथकाने साफसफाई सुरू केली. काजळी आणि पक्ष्यांच्या विष्ठेखालून मूळ रंग निघाले, आणि कधी कोरलीच न गेलेली, नुसती शाईने लिहिलेली अक्षरंही निघाली. रंगवणाऱ्याला ही अक्षरं कुठून सुचणार होती? निळ्याची तर कॅमेऱ्यानेच साक्ष काढता येते. इजिप्शियन निळा हा वाळू, तांबं आणि चुना भट्टीत तापवून केलेला रंग. त्यावर साधा प्रकाश टाकला की तो अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं बाहेर टाकतो, आणि सेन्सरवरचा अवरक्त अडवणारा फिल्टर काढून लेन्सवर साधा प्रकाश अडवणारा फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्यात पांढरा लख्ख चमकतो. डोळ्याला न दिसणारे कणसुद्धा असे सापडतात.

एवढं मात्र कबूल: ग्रुपवर फिरणारे फोटो भडक केलेले असतात. फोनही स्वतःहून रंग चढवतो. भिंत तशी दिसत नाही, हे खरं.

बंदीबद्दल काय बोलायचं? बंदी असती तर फॉरवर्डमधले फोटो आले कुठून? खासगी वापरासाठी फोनने फोटो काढायला पैसेही पडत नाहीत. फ्लॅश चालत नाही, आणि ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक शूटिंग करायचं तर परवानगी लागते. एका फ्लॅशने खनिज रंग उडत नाही, हेही मान्य. पण समोरून मारलेल्या फ्लॅशने कोरीव काम सपाट होतं, म्हणजे फोटोच वाया. आणि ते तळघर पर्यटकांना उघडं आहे. लपवायची अजब रीत.

तर आत्या, सेटिंग असं: फ्लॅश बंद, आयएसओ वाढव, खांबाला टेकून उभी राहा, भिंतीला नको. डेंडेराच्या मागच्या बाहेरच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सिझेरियन आहेत. हिवाळ्यात सकाळी तिथे ऊन तिरकं येतं, ग्रुप आत छत बघत असेल तेव्हा तू आधी तिकडे जा. आतलं वर्तुळाकार राशिचक्र मात्र प्रतिकृती आहे, मूळ 1821मध्ये छतातून कापून फ्रान्सला नेलं, ते आता लूव्रमध्ये आहे. आणि अबायडोसला तुळईचा फोटो काढशील तेव्हा पूर्ण तुळई घे.