खुलासा : वृषणातील जनुके आणि उंदरांचे वंध्यत्व
‘वृषणात सक्रिय असणारे कोणतेही एक जनुक बिघडले की नर वंध्य होतो, हे उंदरांवर सिद्ध झाले आहे’ असा जो मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे, तो चुकीचा आहे. जपान व अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी ५४ जनुके उंदरांमध्ये एकेक करून निकामी केली होती, तरीही त्या नरांची प्रजननक्षमता टिकून राहिली. याउलट, इझुमो-१ हे एकच जनुक नसलेल्या नराचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसतात, व्यवस्थित पोहतात, बीजांडाचे बाह्य कवचही भेदतात. मात्र ऐन वेळी बीजांडाशी त्यांचे मीलन होत नाही. शुक्राणूंची नुसती संख्या मोजून असा दोष सापडणार नाही, हे ओघाने आलेच.