नाना किती वेळा उठले?

आज सकाळी इमारतीच्या ग्रुपवर माझ्या फ्लॅटचा नंबर घालून निरोप आला: ‘या घरात रात्रभर नळ उघडा असतो. पाणी जपून वापरावे.’ खाली जोडलेले हात. हात जोडलेले असले की अपमान जरा जास्तच लागतो. मी लिहिलं, तो नळ नाही, फिशटँकचा फिल्टर आहे. टाकीतलंच पाणी उचलतो आणि टाकीतच सोडतो, थेंबही वाया जात नाही. लगेच दुसऱ्या मजल्यावरून पृच्छा झाली, ‘म्हणजे माशांना तेच तेच पाणी?’ अर्ध्या तासात मी पाणी उधळणारी बाई होते ती मुक्या जिवांना शिळ्या पाण्यात ठेवणारी झाले. दोन्ही निरोपांना अंगठे मिळाले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. चुकून लागला म्हणतो.

पहिला निरोप खालच्या मजल्यावरच्या नानांचा.

जुना फिल्टर गेल्यापासून मी टाकीच्या मागे लटकवायचे फिल्टर पारखतेय. काही विकत आणले, काही उसने, एक नणंदेच्या माळ्यावरचा. जुन्याचा स्पंज तेवढा प्रत्येकात हलवत राहायचं, म्हणजे त्यातले जीवाणू टिकतात. यंत्र साधं आहे. मागच्या काचेवर डबा, टाकीत सोडलेली नळी, पाणी वर ओढणारी मोटर, मध्ये स्पंज, आणि गाळलेलं पाणी पन्हळीवरून परत टाकीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ताशी अमुक लिटर. टाकीतलं सगळं पाणी तासाला निदान चार-पाच वेळा फिरावं असा ढोबळ हिशेब असतो, तेव्हा साठ लिटरच्या टाकीला ताशी तीनशे लिटर. पण खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा डबा रिकामा ठेवून काढलेला असतो. आत स्पंज घातला की तो उतरतो, स्पंज मळला की आणखी उतरतो. हे खोक्यावर नसतं. तिथे पुढचा शब्द असतो ‘नि:शब्द’.

पहिल्या फिल्टरच्या रात्री दीड वाजता दारावरची बेल वाजली. दारात बनियन आणि बॅटरी घेऊन नाना.

“नळ कुठला राहिलाय?”

कुठलाच नाही म्हटलं तरी त्यांनी बाथरूम पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, गॅलरीतला नळ पाहिला, आणि बंद असलेला प्रत्येक नळ आणखी बंद केला. सकाळी नवऱ्याला पकड घेऊन अंघोळीला जावं लागलं. मग ते टाकीसमोर थांबले.

“हा?”

“हा.”

“मग हा रात्री बंद कर ना.”

मी म्हटलं, “नाना, तो चोवीस तास लागतो. माशांची घाण साफ करणारे जीवाणू त्या डब्यात असतात, त्यांना वाहतं पाणी लागतं, ऑक्सिजन लागतो.”

“मासे रात्री झोपतात की नाही?”

“झोपतात.”

“मग रात्री घाण कोण करतं?”

माझ्या आजवरच्या वाचनात हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मी सांगितलं की मासे बराचसा अमोनिया कल्ल्यांतूनच सोडतात, त्यामुळे झोपेतही त्यांचं चालूच असतं. नाना थोडे वाकले आणि पहिल्यांदाच त्यांनी माशांकडे आपुलकीने पाहिलं.

“म्हणजे ह्यांचंही माझ्यासारखंच.”

तेव्हा उलगडा झाला. पाणी पडल्याचा आवाज आला की नानांना उठावं लागतं. एकदा उठले की परत झोप लागत नाही, आणि झोप लागत नसली की तो आवाज जास्त ऐकू येतो, की पुन्हा उठा. “डॉक्टर म्हणतात वय,” नाना म्हणाले, “मी म्हणतो वरचा मजला.”

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण मी फिल्टर बदलून बघणार आहे हे नानांना कळलं, आणि त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले. मग रोज जिन्यात गाठ पडली की अहवाल.

“परवाचा चार. कालचा दोन, पण दुसऱ्यांदा विनाकारण.”

“विनाकारण म्हणजे?”

“म्हणजे गेलो आणि आलो.”

समोरच्या काकू दूध घ्यायला दारात उभ्या. त्यांनी दार हळूच लोटलं, पूर्ण लावलं मात्र नाही.

राग आला तो याचा, की नानांचे आकडे बरोबर निघत होते. ज्या रात्री ते चार वेळा उठले, त्या रात्री टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने दोन बोटं उतरलेलं होतं आणि धार उंचावरून पडत होती. पाणी पन्हळीच्या ओठापर्यंत भरलं, तर त्याच फिल्टरला एक. म्हणजे कंपनी कुठली यापेक्षा ओठ आणि पाणी यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. हे मला कुठल्या खोक्याने सांगितलं नाही. माशांशी काडीचं देणंघेणं नसलेल्या, खालून छताकडे बघत पडलेल्या माणसाने सांगितलं. तेसुद्धा तक्रार म्हणून.

एकदा म्हणाले, “आज पाणी नव्हतं, दळण होतं.” मी मोटर उघडली तर आत वाळूचा कण. या मोटरीची मला खरं तर गंमत वाटते. फिरणाऱ्या पंख्याला एकही तार जोडलेली नसते, तो नुसता लोहचुंबक. पन्नास हर्ट्झच्या विजेवर बहुतेक छोट्या मोटरींत तो मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो, आणि सुरू होताना कधी डावीकडून फिरतो, कधी उजवीकडून, त्याची मर्जी. म्हणून पात्या सरळ ठेवलेल्या असतात, दोन्हीकडून चालाव्यात. मी हे कौतुकाने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, “मग जिकडून आवाज कमी तिकडून फिरव.”

आणि मग एक दिवस जिन्यात नाना चक्क हसत होते. “शून्य! एकदाही नाही. हाच घे, दुसरा बघूच नकोस.”

त्या रात्री वीज गेली होती. मोटर डब्याच्या वरच्या अंगाला असली की काही फिल्टरांत वीज गेल्यावर डब्यातलं पाणी नळीवाटे परत टाकीत उतरतं, आणि वीज आल्यावर मोटर नुसती हवेत फिरत बसते. पाण्याचा एक थेंब हलत नाही. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पृष्ठभागावर तवंग धरला होता. मोटर पाण्याच्या पातळीखाली असलेले फिल्टर वीज आली की आपले आपण पाणी ओढू लागतात. निव्वळ एवढ्या गोष्टीसाठी मी ते घ्या म्हणेन. पण नानांच्या कॅलेंडरवर आजही पहिला नंबर त्या बंद फिल्टरचाच आहे, लाल पेनने गोल करून.

बाकी पारखण्यासारखं फार नाही. नळीच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर गप्पीची पिल्लं आत जातात. फायटर मासा असेल तर धार कमी करायची सोय हवी, लांब परांच्या त्या झुलीसकट त्याला जोराच्या पाण्यात पोहवत नाही.

कार्ट्रिजबद्दल, म्हणजे डब्यात बसवायच्या स्पंज-कोळशाच्या तयार पाकिटाबद्दल, मात्र बोलायचंच आहे. खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, दर महिन्याला कार्ट्रिज बदला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टाकीत नीट वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणजे ते घरात सामान लावतात न लावतात तोच त्यांना घरासकट कचऱ्यात टाका असा सल्ला, आणि नवं घर आमच्याकडून घ्या. आतला कोळसा काही आठवड्यांत थकतो हे खरं, पण त्याचं काम रंग, वास, औषधाचा अंश काढणं; अमोनियाला तो हात लावत नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घेतला तर वर्षानुवर्षं चालतो. नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जीवाणू मरतात. यात विकायला काहीच उरत नाही, म्हणून हे कागदावर नसतं. त्या जीवाणूंचं नशीबच तसं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं श्रेय कित्येक वर्षं नायट्रोबॅक्टरला जात होतं. १९९८ मध्ये दाखवून दिलं गेलं की काम नायट्रोस्पिराच्या कुळातले करतात. त्यांच्यासाठी कुणी ग्रुपवर हात जोडले नाहीत.

तर, ग्रुपवरच्या त्या निरोपानंतर मी तावातावाने ‘नि:शब्द’वाल्या कंपनीला फोन लावला. कॅलेंडर घेऊन नाना वर आलेच होते, म्हणून स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे विचारलं, “मॅडम, आवाज साधारण किती डेसिबल येतोय?”

मी तोंड उघडायच्या आत नाना फोनवर वाकले. “तीनदा.”

“सर, तीन डेसिबल?”

“तीनदा उठलो. पहाटेचा धरला तर चार.”

“पहाटेचा धरायचा का, सर?”

“धर.”

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग तो म्हणाला, “सर, कार्ट्रिज कधी बदललं होतं?”