पांढऱ्या पायाचा स्ट्रायकर

वाद पेटवला वकिलाने. तो खरा वकील नाही, पण आर्सेनल या फुटबॉल क्लबचा चाहता आहे आणि समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून कट्ट्यावर हे नाव पडलंय. विषय होता माझ्या टॉटनहॅमचा, म्हणजे स्पर्सचा, आजवरचा सर्वोत्तम स्ट्रायकर कोण. मी अर्थातच हॅरी केन म्हणालो. क्लबसाठी २८० गोल. जिमी ग्रीव्ह्जचा २६६ चा विक्रम १९७० पासून कुणाला हलवता आला नव्हता. तो केनने फेब्रुवारी २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध मोडला, आणि त्याच एका गोलवर सामनाही जिंकून दिला.

"आणि कप किती?" वकील.

"शून्य." माझ्याआधी आकडेशास्त्र्यानेच सांगून टाकलं. हा गृहस्थ कुठल्याच क्लबचा नाही. तो फक्त आकड्यांचा.

वकील माझ्याकडे वळला. "पांढऱ्या पायाचा आहे रे तुमचा माणूस! २०१५ ची लीग कप फायनल हरला. २०१९ ची चॅम्पियन्स लीगची हरला. २०२१ ला परत लीग कपची हरला. मग गेला बायर्न म्युनिकला. सलग अकरा वर्षं बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकत आलेला क्लब, याचं पाऊल पडलं आणि थेट तिसरा! इकडे तो गेल्यावर तुम्ही २०२५ ला युरोपा लीग उचललीत. आता बोल."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मांडणी चोख होती.

"तिसऱ्या आलेल्या त्या बायर्नसाठी त्याने लीगमध्ये ३६ गोल मारले होते," मी म्हणालो. "मग काय, मागे जाऊन गोलही त्यानेच अडवायचे होते? पुढच्या मोसमात जिंकलेच ना ते? आणि २०२१ चं म्हणशील तर फायनल सहा दिवसांवर असताना क्लबने प्रशिक्षक मोरिन्यूला हाकललं. पाय कुणाचा पांढरा?"

"आणि २०१९ ला काय झालं?" वकील. " सेमीफायनलमध्ये आयाक्सविरुद्ध हॅटट्रिक मारणारा लुकास मोरा बाकावर, आणि घोट्याच्या दुखापतीतून उठून आलेला केन मैदानात."

याला माझ्याकडे उत्तर नाही. तो निर्णय भावनेच्या भरात झाला, असंच मला वाटतं. पण संघ प्रशिक्षक निवडतो, स्ट्रायकर नव्हे.

इतका वेळ गप्प असलेली गोली इथे घुसली. आमच्यात खरोखर गोलमध्ये उभी राहणारी ती एकटीच. "तुम्ही कपच मोजत बसा. मी त्याचा पाय बघते. बहुतेक स्ट्रायकर मारण्याआधी पाय चांगला मागे घेतात, तेवढ्यात कीपरला अंदाज येतो. केन पाय जेमतेम मागे नेतो. त्यात समोर बचावपटू असला की त्याला चुकवण्याच्या भानगडीत पडत नाही, त्याच्याच आडून मारतो. कीपरला चेंडू दिसतो तोपर्यंत तो लांबच्या पोस्टकडे निघालेला असतो. समोर केन असेल तर मी ग्लोव्ह्ज काढून घरी जाईन."

"पेनल्टी किती त्यात?" वकील.

"प्रीमियर लीगमध्ये २१३ पैकी ३३," आकडेशास्त्री. "लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या शिअररच्या २६० मध्ये ५६ होत्या."

वकिलाने शिअररचा विषय वाढवला नाही.

खरं तर मला गोलांवर भांडायचंच नव्हतं. हा पोरगा लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असा चार ठिकाणी लोनवर, म्हणजे उसना, खेळून आला. पायात वेग असा नाहीच. २०१४-१५ मध्ये गोलांचा धडाका लावला तेव्हाही एका मोसमाचा पाहुणा म्हणून लोक मोकळे झाले होते. पुढे लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट तीनदा मिळाला, ते ठीक. मला ज्याचं वेड आहे तो केन नंतरचा आहे, गोलसमोरचा बॉक्स सोडून मागे यायला लागलेला.

"साउदॅम्प्टनची मॅच सांगणार हा आता," गोली म्हणाली.

सांगणारच. सप्टेंबर २०२०. आधी गोल साउदॅम्प्टनचा. मग सॉन ह्युंग-मिनने चार मारले आणि चारही पास केनचे. एकाच सामन्यात एकाच खेळाडूला चार गोल करून देणारा प्रीमियर लीगमध्ये त्याच्याआधी कुणी झाला नव्हता. पाचवा त्याने स्वतः मारला. ५-२.

त्या दिवशी साउदॅम्प्टनची बचावफळी खूप वर चढून खेळत होती. केन मध्यावर उतरायचा. आता सेंटर-बॅकने करायचं काय? त्याच्यामागे गेला तर पाठीमागे मोकळं रान आणि तिथे सॉन सुटलेला. जागेवर थांबला तर केन वळणार, मान वर करणार आणि तोच पास देणार. म्हणजे दोन्हीकडून मरण. आणि हे सगळं गोलकडे पाठ असताना, अंगावर एक माणूस घेऊन. सॉन कुठे पळणार हे त्याला न बघता कळायचं. त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे, २३, आणि सर्वाधिक असिस्टही, म्हणजे गोल करून देणारे पासही, त्याचेच, १४. प्रीमियर लीगमधल्या सगळ्या मोसमांत मिळून दोघांनी एकमेकांना ४७ गोल करून दिले. आधीचा विक्रम चेल्सीच्या लँपार्ड आणि ड्रोग्बाचा, ३६.

"झालं?" वकील म्हणाला. "आता ऐक. थिएरी ऑन्री. २००२-०३. लीगमध्ये २४ गोल, २० असिस्ट. तुमच्या केनच्या अठरा वर्षं आधी."

आकडेशास्त्र्याने मान डोलावली. मला क्षणभर सुचेना. ऑन्री नावाचं अस्त्र आर्सेनलवाले नेहमी शेवटी काढतात, आणि ते बिनतोड असतं. मग सुचलं.

"त्या मोसमात लीग कुणी जिंकली?"

"मँचेस्टर युनायटेड," आकडेशास्त्री.

"एफए कप आम्ही जिंकलो!" वकील ओरडला.

"जिंकलात ना. पण लीग गेली म्हणून ऑन्रीचे २० असिस्ट कमी होतात का? नाही ना? मग केनचे १४ का कमी व्हावेत?"

"ऑन्रीने पुढच्या वर्षी एकही सामना न हरता लीग जिंकली."

"बरोबर व्हिएरा होता, पिरेस होता, बर्गकँप होता!"

"म्हणजे स्पर्समध्ये केनशिवाय कुणी नव्हतं, हे तूच कबूल करतोयस."

इथे गोलीने हात वर केले. सॉन नव्हता का, योरिस नव्हता का, असं दोन मिनिटं नुसतं गोंगाटातच चाललं.

शेवटी वकिलाने आवाज खाली आणला. हा त्याचा डाव असतो. "एक मान्य कर. लहानपणी तो आमच्याच अकादमीत होता."

"आणि तुम्हीच त्याला घरी पाठवलंत! त्याची परतफेड उत्तर लंडन डर्बीत, म्हणजे आपल्या दोघांच्या सामन्यांत, किती झाली, सांग रे."

"१४ गोल," आकडेशास्त्री म्हणाला. "दोन्ही क्लब धरून सर्वाधिक."

"पेनल्टी किती त्यात?"

आकडेशास्त्र्याने मोबाइल काढला.