चिरंजीव पदवीधर झाले, कळावे

तुमचा मुलगा किंवा मुलगी यंदा पदवीधर झाली असेल तर आधी मनापासून अभिनंदन. आता खऱ्या कामाला लागा. शिकायचं काम पोरांनी केलं, नातेवाइकांना कळवायचं काम आईबापांचं. त्याची एक रीत असते. आमच्या काणकोणच्या चुलतभावाने ती मला गेल्या काही महिन्यांत इतकी घोटून शिकवली आहे की स्वतःपुरती ठेवली तर पाप लागेल.

एका पदवीची बातमी एकदाच द्यायची, हा समज आधी डोक्यातून काढा. तो तारेच्या काळातला. तारेत शब्दाला पैसे पडायचे म्हणून माणसं 'पास' एवढंच कळवून गप्प बसायची. 2013 च्या जुलैमध्ये सरकारने तार बंद केली, तेव्हा आता आवरतं घ्यायचं काही कारण नाही. शेवटचा पेपर संपला की पहिला निरोप, शर्टावर मित्रांच्या सह्या घेतलेल्या फोटोसकट. निकालाचा दुसरा. त्यात गुणपत्रिकेचा फोटो हवाच, फक्त एका विषयाची ओळ नेमकी अंगठ्याखाली येईल असा धरलेला. मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट. मग पदवीदानाचा अर्ज भरल्याची पावती. हो, पावतीसुद्धा. पैसे भरलेत तुम्ही. मग प्रत्यक्ष सोहळा, मग फ्रेम, मग ती फ्रेम दिवाणखान्यात कुठे लावावी यावर ग्रुपवर मतदान. विद्यार्थी पात्र ठरला की 180 दिवसांच्या आत त्याला पदवी द्यावी, असा यूजीसीचा 2008 चा नियम आहे. विद्यापीठांना वाटतं ही मुदत आपल्याला घातली आहे. छे, ती तुम्हाला दिली आहे. सहा महिने अख्खं घराणं एका पदवीच्या दावणीला बांधून ठेवता येतं.

गुण सांगताना टक्के चांगले असतील तर टक्के सांगा, नसतील तर सीजीपीए. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये सुरू झालं. त्याआधीचे आमचे काका-मामा मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, त्यांचा हिशेब शंभरात चालतो. "6.4" ऐकून आमचे मामा बराच वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला सुटेल."

पॅकेज किती, हे कुणी विचारलं नाही तर सांगा. विचारलं तर सांगू नका.

ज्यांचा मुलगा यंदा अडकला आहे त्यांना वेगळा खासगी मेसेज पाठवा, ग्रुपवरचा त्यांच्या नजरेतून सुटला तर पंचाईत.

आता पदवीदानाचा दिवस. यूजीसीने 2019 मध्ये विद्यापीठांना सुचवलं होतं की समारंभाला हातमागाची वस्त्रं वापरा. सूचना चांगली आहे, पण उपरणं हवेत उडवून फोटो येत नाही, त्यामुळे आपल्याला काळा गाऊन आणि चौकोनी टोपीच बरी. चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला एकेक फळ बांधतात तसा ग्रुपवर एकेक फोटो सोडायचा. सगळे एकदम टाकाल तर लोक एकदाच बघतील आणि मोकळे होतील. मुलगा एकटा. मुलगा आईबरोबर. मुलगा बाबांबरोबर. तिघे. तिघे, पण डोळे उघडे. टोपी आईच्या डोक्यावर. टोपी बाबांच्या डोक्यावर, तीही उलटी, कारण झुबका पुढे लोंबतोय. टोपी हवेत, म्हणजे फोटोत नुसतं आभाळ आणि एक कोपर. विद्यापीठाच्या पाटीपुढे. त्याच पाटीपुढे, पण मागे दुसऱ्याच कुणाचं कुटुंब. मग व्हिडिओ, ज्यात नाव पुकारलं जातं नेमक्या त्या क्षणी काकू मोठ्याने "झालं, झालं, आला" म्हणतात आणि नाव ऐकूच येत नाही. मग "आवाज नीट नव्हता" म्हणून तोच व्हिडिओ दुसऱ्या फोनवरून. त्यानंतर फोन: "पाहिलंस? मग काही लिहिलं नाहीस?" लिहिलं होतं हो. वर कुठेतरी गाडलं गेलं असेल, जरा खणून बघा. त्याच दुपारी धाकट्या वहिनीला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, ऑपरेशनसाठी दाखल केलं होतं आणि तिच्या भावाने ग्रुपवर विचारलं होतं, उद्या सकाळी बांबोळीला रक्त द्यायला कोण येऊ शकेल. वरती आई आणि टोपी, खालती बाबा आणि टोपी, मध्ये ते रक्त. त्याखाली एका ज्येष्ठ नातेवाइकांनी टाकलं होतं, "हार्दिक अभिनंदन, असेच यश मिळत राहो." ज्याने रक्ताचं विचारलं त्याने पुन्हा विचारलं नाही. माणूस मिळाला, पण ग्रुपबाहेरचा. पुढचा मेसेज होता पोराचा केक कापतानाचा.

असो. सल्ला चालला होता.

वर्तमानपत्राला विसरू नका. गोव्यात मराठी दैनिकांना तोटा नाही आणि 'सुयश' म्हटलं की दोन बोटं जागा कुठेही निघते. मजकूर ठरलेलाच असतो, श्रेयाच्या यादीची तेवढी काळजी घ्या. आधी आमदार, मग सरपंच, मग प्राचार्य, त्यानंतर आईवडील. जागा उरली तर "आणि मित्रपरिवार". पोराने काय केलं हे शेवटच्या ओळीत, तेही कापलं गेलं तरी चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला कळवायचं नाही ते आधी ठरवून ठेवा. वेळ मोलाचा असतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे लाइक देऊ शकत नाहीत, ज्यांच्याकडे आता पुढे काही काम पडणार नाही, अशा लोकांवर निरोप फुकट घालवू नयेत. उदाहरणार्थ, आमची आत्या.

आत्या फोंड्याला खडपाबांधला राहते. चुलतभावाच्या पोराचं कॉलेज फर्मागुडीला, तिथून हाकेच्या अंतरावर, आणि काणकोणहून फर्मागुडीला रोज बसने येणंजाणं कुणाच्या बापाला जमणारं नाही. म्हणून पोरगा इंजिनिअरिंगची चारही वर्षं तिच्या पुढच्या खोलीत राहिला. भाडं? आत्याकडे कसलं भाडं. परीक्षेच्या दिवसांत रात्रभर दिवा जळायचा, तेव्हा तिने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं ते नेलंच. त्याची परीक्षा संपली तरी परत आणलं नाही, "आतां हांगाच न्हीद पडटा" म्हणाली. आयुष्यभर सोमवार पाळलेली बाई, पण पोराला नुस्त्याशिवाय घास उतरत नाही म्हणून सोमवारीही बांगडे तळून द्यायची आणि स्वतः आमटीभात जेवायची. त्याला दुसऱ्या वर्षी केटी लागली तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी ग्रुपवर टाकलं होतं का? नाही. तेव्हा पोरगं रडत होतं ते तिच्या ओट्याजवळ बसून, आणि घरी सांगायला फोन केला तोही तिनेच, आपल्या बटणांच्या फोनवरून.

तिला कुणी कळवलं नाही. आत्या वर्तमानपत्र पहिल्या पानापासून मरणवार्तांपर्यंत सगळं वाचते, तिथे तिला तो फोटो दिसला. मी गेलो तेव्हा कात्रण देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे खोचलेलं होतं आणि शेजारी पाकीट, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं ना, तसलं. आत किती होते मी विचारलं नाही. तिने मला विचारलं, "येतलो न्हय रे तो, पेडे घेवन?" मी म्हटलं येईल. काय सांगणार होतो?

बस झाला उपरोध. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? काणकोणहून दोन गाड्या करून पदवीदानाला ताळगावला विद्यापीठात गेलात, जाताना नव्या झुआरी पुलावर थांबून फोटो काढलेत, येताना मडगावला हॉटेलात वीस माणसं जेवलात. परत येताना फोंड्यावरून यायला किती वळसा पडला असता? गाडीत एक जागा तिच्यासाठी ठेवली असती तर कुठल्या आमदाराची खुर्ची गेली असती? आमदाराने त्या पोराला एका संध्याकाळी तरी पेजेचं विचारलं होतं का? आणि इंजिनिअर साहेब, तुम्हीसुद्धा. बावीस वर्षांचे घोडे झालात, आईबापांनी नाही सांगितलं तर फोन उचलता येत नाही? तिचा नंबर तुम्हाला पाठ आहे, चार वर्षं रात्री उशीर झाला की त्यावरच मिस्ड कॉल देत होतात.

या रविवारी खडपाबांधला जा. तिघेही जा. पेढे घेऊन जा. वाढेल ते जेवा, नाही म्हणू नका, आणि तिने पाकीट पुढे केलं की पोराला खाली वाकून घ्यायला सांगा. फोन गाडीतच ठेवून जा.