ती त्याच्या बंगल्यात जाते. तो तिच्या घरी कधी येतो?

गेल्या महिन्यात ताईने घरच्या ग्रुपवर लांबलचक निरोप टाकला. सोलापुरात कुठल्याशा व्याख्यानाला ती जाऊन आली होती. वक्त्यांचं म्हणणं असं, की मोबाइलवर रोज एक भाग येणाऱ्या प्रेमकथांनी मुली बिघडतात. मुलगा गडगंज आणि तुसडा, मुलगी गरीब आणि बडबडी, आधी भांडण, मग प्रेम, मग लग्न. हे वाचून मुली पळून जातात. खाली भाचीचं उत्तर आलं, "गोष्ट वाचून कोण पळून जातंय गं आई? मी रोज रात्री जेवायला घरीच असते की." दोन दिवस मायलेकींचं चाललं होतं. शेवटी दोघींनीही मला मध्ये ओढलं, कारण मी चौदा वर्षं मँचेस्टरला आहे आणि परदेशात राहणाऱ्या माणसाला अशा बाबतीत जास्त कळतं, असा आपल्याकडे समज आहे.

भाची अशा गोष्टी नुसती वाचत नाही, लिहितेही. प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर तिची एक मालिका चालू आहे. कामावर जाता-येता ट्राममध्ये मी तिचे बेचाळीस भाग वाचून काढले. तिचा हात चांगला आहे. संवाद पळतात, भांडणं खरी वाटतात. पण बेचाळीस भागांत नायिकेचं आडनाव एकदाही येत नाही. नायकाचंही नाही. तिचे वडील काय काम करतात ते कळत नाही, फक्त "कष्ट करतात." गोष्ट घडते पुण्यात, एका बंगल्यात आणि एका काचेच्या ऑफिसात. लिहिणारी मात्र जन्मापासून सोलापूरच्या रेल्वे लाइन्समध्ये वाढलेली.

मी तिला फोन करून विचारलं, आडनाव का नाही? ती म्हणाली, "मावशी, आडनाव टाकलं की लोक गोष्ट सोडून तेच बघायलेत."

तिचं हे उत्तर मला व्याख्यानापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आडनाव कळलं की आपल्याकडे पुढचे तीन प्रश्न विचारावेच लागत नाहीत. म्हणून या गोष्टींमध्ये जात बाहेर ठेवतात आणि आत फक्त पैसा घेतात. पैशाचा फरक सोपा असतो. एक नवी साडी, एक गाडी, की तो मिटतो. मग दोन वर्गांची माणसं एकमेकांकडे ओढली जातात म्हणजे नक्की कशाकडे ओढली जातात, हे लिहायला जागाच उरत नाही. त्याच्याकडे बंगला, तिच्याकडे "चांगला स्वभाव." ही अदलाबदल मला पटत नाही.

मी राहते त्या भागाजवळच अँकोट्स आहे, मँचेस्टरची जुनी गिरणवस्ती. १७९८ सालच्या मरे बंधूंच्या गिरणीत आता फ्लॅट झालेत. पहिल्यांदा त्या विटांच्या भिंतीशेजारून गेले तेव्हा मला सोलापूरची 'जुनी मिल' आठवली, १८७७ साली सुरू झालेली. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंग्यावर आमच्या घरातलं जेवण ठरायचं. इथे मँचेस्टरमध्येच लेखिका एलिझाबेथ गॅस्केल राहत होत्या. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, मी दोनदा जाऊन आले. १८५४-५५ मध्ये त्यांची गिरणीमालक आणि पाद्र्याच्या मुलीची कादंबरी, 'नॉर्थ अँड साउथ', साप्ताहिकातून क्रमशः आली, म्हणजे भाचीसारखीच भागाभागांनी. त्या दोघांचं भांडण कशावरून? संपावरून. मजुरीवरून. ती मजुरांच्या घरी जाते, तिथे बसते, आणि मग मालकालाही त्यांच्यापैकी एकाशी बोलायला भाग पडतं. शेवटी त्याचा धंदा बुडतो तेव्हा भांडवल तिच्याकडून येतं. एक जण खाली आणि एक जण वर, असं ते राहत नाही. भांडण खऱ्या गोष्टीवरून असलं की ओढही खरी वाटते, हे मला त्या गोष्टीने शिकवलं.

आणि सोलापुरात खऱ्या गोष्टींचा काय तुटवडा आहे? एका रांगेत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी ऐकू येणारं गाव. पूर्व भागात यंत्रमागाची खडखड, त्याच गल्लीत उंबऱ्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायका, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सूत व्यापाऱ्यांचे बंगले. प्रेमाची गोष्ट तर आपल्या सगळ्यात मोठ्या यात्रेच्या पोटात आहे. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपुढे रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. त्यांनी ते नाकारलं, पण आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली. दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर "सत्यम सत्यम" म्हणत लाखभर हात अक्षता टाकतात, सात नंदीध्वज उभे असतात, पांढऱ्या बाराबंदीने रस्ता भरून जातो. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मीही अक्षता टाकल्या आहेत. दुसऱ्या दिवशी होम. त्या होमात कुंभारकन्या अग्नीत जाते. श्रद्धेने बघणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि तरी मोठी झाल्यावर दर वेळी मनात येतं: अग्नीत तीच का जाते?

त्याच बाराव्या शतकात, आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या शरणांमध्ये म्हणजे अनुयायांमध्ये हरळय्या चांभाराच्या मुलाचं आणि मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न लागलं. बिज्जळ राजाने दोघांच्याही बापांना ठार मारलं. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीतला 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्याच्या शेवटाने हादरला. आम्ही सोलापूरकर हादरलो, पण चकित झालो नाही.

म्हणजे आपल्याकडे दोनच शेवट आहेत, होम किंवा बंगला. मधलं कुणी लिहीत नाही. मला मधलं माहीत आहे, म्हणून सांगते.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. मैत्रीण अभ्यासही आईशेजारी बसून, दोऱ्याची गाठ मारता मारता करायची. तिच्या प्रेमात पडला सूत व्यापाऱ्याचा मुलगा. तो अबोल, ही फटकळ. त्याने मला एकदा सांगितलं होतं, की आमच्या घरात कुणीच कुणाला खरं उत्तर देत नाही, ही देते. लग्न झालं, दोन्ही घरांनी मान्य करून झालं. कुणी मारलं नाही, कुणी कोंडलं नाही. पहिलं बाळ झालं तेव्हा तिची आई बघायला गेली. हात घासून घासून धुतले होते, तरी तंबाखूचा वास जात नाही. दिवाणखान्यात सोफे होते, स्वयंपाकघरात पाट होता. ती अर्धा तास बाळाला घेऊन दारातच उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "बसायला जागा लई होती बघ पोरी. पण कुठं बसू ते कुणी सांगितलं नाही."

त्या नवऱ्याने हे पाहिलं होतं. पुढच्या रविवारी तो मुलाला घेऊन एकटाच कुंभारीला सासूबाईंकडे गेला. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेल्या, २००६ साली उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांपैकी एक त्यांचं. तो जमिनीवर बसला, सुपाशेजारी. दर रविवारी जायला लागला. वर्षभराने त्याची आईही एकदा बरोबर गेली. माझ्या ओळखीतली सगळ्यात मोठी प्रेमकथा ही आहे, आणि ती लग्नानंतर सुरू झाली.

ताईला वाटतं, इथे इंग्लंडात हे प्रश्न सुटलेत. थोडे सुटलेत, पण प्रेमाने नाहीत. १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना, तेव्हा इथलीही मुलं-मुली सीमा ओलांडून स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला पळून जात. आज इथे लग्नाची नोटीस अठ्ठावीस दिवस कचेरीत लागते. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवस लागते. दोन दिवसांचा फरक. पण इथल्या फळ्यासमोर थांबून कुणी वाचत नाही. आपल्याकडे त्या कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत मुलीच्या काकाच्या फोनवर असतो. मुलीला स्वतःचा पगार आणि स्वतःचं भाड्याचं घर असलं, की फळ्याची भीती कमी होते. बाकी इथेही माणसाने तोंड उघडलं की उच्चारावरून त्याची शाळा ओळखतात. आणि आपली मंडळी विमानात बसताना जात खाली ठेवून येत नाहीत. जातीला कायद्यात स्पष्ट नाव द्यायचं की नाही यावर इथे काही वर्षं वाद झाला, आणि २०१८ मध्ये सरकारने नको म्हटलं. मुलांच्या बायोडाटात तो रकाना मी इथे स्वतः पाहिला आहे.

म्हणून ताई, त्या वक्त्यांचं मला पटत नाही. मुली गोष्टी वाचून पळत नाहीत. घरात सांगायची सोय नसते म्हणून पळतात. तुझ्या मुलीने तुझ्यासमोर उत्तर दिलं, ग्रुपवर सगळ्यांदेखत दिलं, ही तुझी कमाई आहे. वाचू दे तिला. आपणही हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणून पांघरुणात टॉर्च लावून काय काय वाचलं, ते तुला आठवतं.

माझी मागणी भाचीकडे आहे. आडनावं घाल. लोक गोष्ट सोडून तेच बघतील, बघू देत. नायक पुण्याचा कशाला, आपल्या सोलापूरच्या होटगी रोडचा चालेल. आणि त्याला तिच्या घरी ने. तिथे त्याला काय येत नाही ते लिही. त्याला तेलुगू येत नाही, दोरा तुटतो, पान फाटतं, हे लिही. तिच्या आईला हसू दे त्याला.

हे सगळं मी तिला फोनवर बोलले. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पान कापायच्या आधी किती वेळ भिजवत्यात? मला काय माहिती नाही यातलं."

मलाही नीट सांगता येईना. मैत्रिणीच्या आईचा नंबर दिला. रविवारी कुंभारीला जाते म्हणाली. ताई सोबत जाणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.