एक ना धड, भाराभर सेव्ह

नव्या व्हिडिओ गेमची तारीख जाहीर झाली की पहिलं काम म्हणजे हातातला गेम ऐन रंगात आलेल्या ठिकाणी सोडून द्या. रटाळ जागी सोडलेला गेम माणूस खरोखरच विसरतो, आणि विसरलेल्या गेमचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवा असतो 'चालू असलेला' गेम. बॉसच्या, म्हणजे सगळ्यात दांडग्या शत्रूच्या, दाराबाहेर उभे आहात, गद्दार कोण ते आत गेल्यावर कळणार आहे, औषधाच्या दोनच बाटल्या उरल्यात, अशा घडीला सेव्ह मारा (गेम आहे तिथेच साठवून ठेवा) आणि उठा. पुढची दोन-तीन वर्षं कुणीही विचारलं तरी "चालू आहे, शेवटाला आलोय" असं छातीठोकपणे सांगता येतं. खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

"आधी हातातला संपव, मग नवा घे," असं सांगणारी काही भली माणसं तुम्हाला भेटतील. त्यांचं म्हणणं, नवा गेम कुठे पळून जातोय? सहा महिने थांबलं तर तो स्वस्त होतो, तोवर चार पॅच (दुरुस्त्या) येऊन त्यातली भिंतीतून आरपार चालणारी माणसं ताळ्यावर आलेली असतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच अशा लोकांशी वाद घालू नये. 'स्पॉइलर' एवढाच शब्द उच्चारावा आणि पोटात कळ आल्यासारखा चेहरा करावा. पहिल्याच आठवड्यात खेळलो नाही तर कुणीतरी शेवट फोडेल, ही भीती कुणालाही पटते. त्या आठवड्यात आपण आपल्या पात्राचं नाक किती रुंद असावं यावरच अडकलेलो असतो आणि शेवट तरीही फुटतो, हे सांगत बसायची गरज नाही.

नाकाचा विषय निघालाच आहे तर एक युक्ती सांगून ठेवतो. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये बारा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. जादूगार घेऊन पहिला अ‍ॅक्ट (अंक) संपत आला की आपण बार्ड (भाट) घ्यायला हवा होता असं वाटू लागतं. हे वाटणं दाबू नका. नवं पात्र करा. बार्डचा पहिला अ‍ॅक्ट संपताना पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) खुणावेल, त्यालाही नाही म्हणू नका. अशा रीतीने एकाच गेमच्या किमतीत अर्धवट गेमांचं अख्खं कपाट भरता येतं. पहिल्या अ‍ॅक्टमधला प्रत्येक दगड ओळखीचा होतो आणि तिसऱ्या अ‍ॅक्टमधलं शहर कसं दिसतं ते फक्त इतरांच्या व्हिडिओत बघायला मिळतं.

वेळेचा हिशेब मात्र चोख ठेवा. कुठला गेम किती तासांत संपतो ते 'हाउ लाँग टू बीट' या साइटवर बघता येतं. 'पर्सोना ५ रॉयल' शंभर तासांच्या वर जातो. रोज न चुकता एक तास धरला तरी साडेतीन महिने झाले, आणि रोज न चुकता एक तास हे आपल्या आयुष्यात कशाच्याही बाबतीत घडलेलं नाही. तेव्हा असे शंभर तासांचे गेम नेहमी मोठ्या रिलीजच्या तीन आठवडे आधी सुरू करावेत. कशासाठी? तर ते संपणार नाहीत याची खात्री असते म्हणून. आठ तासांचा सुटसुटीत गेम अशा वेळी चुकूनही उघडू नका. एखाद्या रविवारी संपून जाईल आणि पंचाईत होईल.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ते दोन तासांचे असतात. विकत घेऊन १४ दिवस उलटले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर तिथे गेम परत करता येतो, पैसे मिळतात. म्हणून गेम आपल्याला आवडलेला नाही हे तिसऱ्या तासाआधी मनात येऊ द्यायचं नाही. "पुढे जाऊन मजा येते म्हणे," असं स्वतःला बजावत राहा. एकदा दोन तासांची रेघ ओलांडली की तो गेम कायमचा तुमचा.

कंपन्याही आपल्याला मनापासून साथ देतात, हे मान्य करायला हवं. 'होरायझन झिरो डॉन' २८ फेब्रुवारी २०१७ ला आला. रोबो-डायनासोरांच्या जंगलात लोक जरा रुळतायत तोच ३ मार्चला झेल्डा मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' येऊन उभा राहिला. पाच वर्षांनी दुसरा भाग, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट', १८ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि बरोबर आठवड्याने, २५ तारखेला, 'एल्डन रिंग'. याला दुर्दैव म्हणा, मी सेवा म्हणतो. 'होरायझन'च्या बिचाऱ्या नायिकेला, एलॉयला, अर्ध्या वाटेत सोडून जाण्यासाठी याहून सभ्य कारण दोनदा कुणी पुरवलं असतं?

आता जुन्या गेमकडे परतायची वेळ. ती येते. कुठल्याशा निवांत रात्री नव्याचा कंटाळा आलेला असतो आणि तुम्ही सात महिन्यांनी 'रेड डेड रिडेम्प्शन २' उघडता. त्यातला नायक आर्थर घोड्यावरून उतरतो. समोरून एक पादचारी येतोय, त्याला नमस्कार करावा म्हणून तुम्ही कंट्रोलरवरचं एल-टू बटण दाबता. हात रिकामे असते तर आर्थरने त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं. पण उतरताना बंदूक हातात आली आहे, त्यामुळे ती थेट त्या माणसाच्या तोंडावर रोखली जाते. तो हात वर करून शिव्या घालतो. तुम्ही गडबडून गोल बटण दाबता, कारण मधल्या सात महिन्यांत 'एल्डन रिंग'ने बोटांना शिकवलंय की संकटात गोल दाबलं की लोळण घेऊन बाजूला होता येतं. इथे मात्र आर्थर त्याला ठेवून देतो. कोपऱ्यावरचा साक्षीदार शेरीफकडे पळत सुटतो आणि मिनिटभरात तुमच्या डोक्यावर इनाम लागतं. नमस्कार राहिला तो राहिलाच.

अशा प्रसंगी कंट्रोल्सचा मेनू उघडून दोन मिनिटं वाचणं हा भ्याडपणा आहे. त्यापेक्षा "सगळं विसरलोय, पहिल्यापासूनच खेळलं पाहिजे" असं जाहीर करून नवा गेम सुरू करा. बर्फातली सुरुवात पुन्हा, घोडा हळूहळू पुन्हा. ती बर्फातली वाट आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे, उबदार भागात मात्र फारसं जाणं झालेलं नाही. 'द विचर ३' करणाऱ्यांना आपल्या जातीची माणसं चांगली ठाऊक होती. सेव्ह लोड होताना त्यातला भाट डँडेलियन आत्तापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो. तो सांगत असताना फोन बघा. नाहीतर आठवेल, आणि आठवलं तर पुढे खेळावं लागेल.

तयारीची शपथ हा या शास्त्राचा कळस. दुसरा भाग जाहीर झाला की लगेच शपथ घ्यायची, "तो येईपर्यंत पहिला पूर्ण करणार." उत्तम उदाहरण 'हॉलो नाइट'चं. मूळ गेम २०१७ चा. त्याची डीएलसी (मूळ गेमला जोडायची पुरवणी) म्हणून सुरू झालेला 'सिल्कसाँग' स्वतंत्र गेम म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हाच असंख्य लोकांनी ही शपथ घेतली. पुढे साडेसहा वर्षं मिळाली. या काळात मुलं बोलायला, चालायला आणि बेरजा करायला शिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये अचानक सांगण्यात आलं की गेम ४ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांत येतोय. त्या रात्री सगळ्यांनी पहिला 'हॉलो नाइट' उघडला. त्यात पूर्णत्व १०० टक्क्यांवर थांबत नाही, ११२ पर्यंत जातं, हे बऱ्याच जणांना त्याच रात्री कळलं. छोट्या स्टुडिओंनी तर आपापल्या गेमच्या तारखा घाईघाईने पुढे ढकलल्या. त्यांना ठाऊक होतं की त्या आठवड्यात आपला गेम अर्धवट टाकायलासुद्धा कुणाला फुरसत नसणार.

इथे एक धोक्याची सूचना. तारीख पुढे ढकलली गेली की काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. 'सायबरपंक २०७७' आधी १६ एप्रिल २०२० ला येणार होता. मग १७ सप्टेंबर झालं, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम तयार झाल्याची घोषणा झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तारीख पुन्हा सरकून १० डिसेंबर झाली. बाहेरच्यांना वाटतं चाहते चिडतात ते वाट बघावी लागते म्हणून. तसं नसतं. आपण रजा टाकलेली असते, जुने गेम निरोप देऊन बाजूला ठेवलेले असतात, आणि आता समोर तीन मोकळे आठवडे आ वासून उभे असतात. त्यांत जुना गेम संपवता येईल, ही शक्यता दार ठोठावू लागते. अशा वेळी खचू नका. ट्रेलर पुन्हा बघा, सावकाश, थांबवून थांबवून. मागे भिंतीवर लावलेल्या पाटीवर काय लिहिलंय यावर चर्चा करा. 'जीटीए ६'ची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली, आणि एवढ्या मुदतीत त्याच्या ट्रेलरमधली एकूण एक चौकट लोकांनी तपासून काढली. तेवढ्या तासांत 'पर्सोना' संपला असता, असं कुणी म्हणालं तर त्याला ब्लॉक करा.

तारीख अलीकडे आली तर मात्र बाका प्रसंग. 'बाल्डर्स गेट ३' पीसीवर ३१ ऑगस्ट २०२३ ला येणार होता. 'स्टारफील्ड' या दुसऱ्या मोठ्या गेमच्या गर्दीत सापडायला नको म्हणून कंपनीने तो ३ ऑगस्टलाच आणला. हातातले गेम अर्धवट ठेवायलाही थोडी सवड लागते, याचा विचार कुणी करतं का?

डीएलसीचं प्रकरण नाजूक आहे. 'एल्डन रिंग'ची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' २१ जून २०२४ ला आली. लोकांनी आनंदाने विकत घेतली, डाउनलोड केली, आणि मग कळलं की आत जायचं तर मूळ गेममध्ये रादान आणि मोग हे दोन बॉस आडवे झालेले असले पाहिजेत. मोग तर मुख्य वाटेवर येतच नाही, त्याला शोधत जावं लागतं. ज्यांचा सेव्ह दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा दलदलीत थिजला होता, त्यांच्यापुढे विकत घेतलेल्या पण उघडता न येणाऱ्या गेमचा एक नवाच प्रकार अवतरला. आजवर आपण गेम सुरू करून सोडत होतो. सुरूच न होणारा अर्धवट गेम ही त्यापुढची पायरी.

डिस्कवरच्या जागेची काळजी करू नका. 'रेड डेड २' पीसीवर १५० जीबी मागतो, 'बाल्डर्स गेट ३'सुद्धा तेवढेच. पहिल्या पीएस५ कन्सोलची डिस्क ८२५ जीबीची, त्यातली खेळाडूच्या वाट्याला आणखी कमी. नव्याला जागा करायची तर जुन्यातला एक पुसावाच लागतो. गेम पुसा, सेव्ह ठेवा. क्लाउडवर तो काही एमबींचा असतो आणि मन शांत ठेवतो.

काही गेम मात्र उर्मट असतात. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' महिनाभर उघडला नाही तर बेटावर तण माजतं, घरात झुरळं होतात, तुमच्या पात्राचे केस विस्कटलेले असतात आणि शेजारीपाजारी होते कुठे इतके दिवस म्हणून विचारतात. असे गेम घेऊ नका. ज्याला आपली गैरहजेरी कळते, तो गेम आपल्या कामाचा नाही.

आणि शंभर टक्के पूर्ण करूनच नव्याकडे वळेन असा हट्ट धरणाऱ्यांसाठी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चे कोरोक नावाचे चिमुकले जीव आहेत. दगडांखाली, झाडांच्या शेंड्यांवर, डोंगरकड्यांवर दडलेले एकूण ९००. सगळे गोळा केल्यावर बक्षीस म्हणून सोनेरी, वळ्यावळ्यांची, वर निमुळती होत गेलेली एक वस्तू मिळते, आणि ती कशाच्या आकाराची आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पुढच्या झेल्डात कोरोक १००० केले.

एवढं सांभाळूनही कधीतरी घात होतो. मेन मिशन स्वीकारताना एक चौकट येते: यापुढे मागे फिरता येणार नाही, राहिलेली कामं उरकून घ्या. ही सूचना शब्दशः पाळा, लगेच माघारी फिरा आणि कुणाची तरी हरवलेली कढई शोधायला निघा. पण एखाद्या बेसावध रात्री बोट 'होय' वर पडतं आणि दोन तासांत पडद्यावर नावं सरकू लागतात. घाबरू नका. 'द विचर ३'सारख्या गेमांत न्यू गेम प्लस नावाची सोय असते. ते निवडलं की नायक गेराल्ट जुन्या तलवारींसकट पुन्हा सुरुवातीला उभा, आणि तो जिला शोधतोय ती सिरी पुन्हा बेपत्ता. पहिल्या गावापर्यंत खेळा, त्यातल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे दोन-चार डाव टाका, सेव्ह मारा. गेम पुन्हा 'चालू' झाला. तेवढ्यात नव्याचं प्री-लोडही (आगाऊ डाउनलोड) आटोपलेलं असेल.