बोटीचं नाव बदलावं का?

नाखव्याने रत्नागिरीहून जुना ट्रॉलर घेतला, इथवर सगळे खूश होते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आधीच्या मालकाच्या लेकीचं नाव आहे, 'श्रावणी'. ते खरवडून तिथे आईचं नाव घालतो म्हणाला आणि कट्टा पेटला. जुलै महिना, मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. अलिबागच्या कट्ट्याला तसंही दुसरं काम नव्हतं.

"चालत्या बोटीचं नाव बदलत नाहीत रे," मास्तर म्हणाले. "दर्याला खपत नाही."

"दर्याला वाचता येतं का, मास्तर?" पंत बँकेतून निवृत्त झाल्यापासून फक्त वाद घालतो. "आपली जुनी विमानवाहू विक्रांत मूळची कोण? इंग्रजांची हर्क्युलस! बदललंच ना नाव?"

मास्तर याचीच वाट बघत होते. "हर्क्युलस म्हणून ती कधी आरमारात दाखलच झाली नाही. 1945 ला पाण्यात उतरवली, महायुद्ध संपलं, आणि अर्धवट पडून राहिली. आपण ती पुरी करून घेतली, 1961 ला विक्रांत म्हणून सेवेत आली. याला नाव बदलणं नाही, बारसं म्हणतात."

"बरं, मग विराट घ्या. इंग्रजांनी आधी नाव ठरवलं होतं एलिफंट. 1959 ला सेवेत आली ती हर्मिस म्हणून. 1982 ला फॉकलंडच्या लढाईत त्यांच्या ताफ्याची मुख्य बोट तीच. 1987 ला आपल्याकडे येऊन विराट झाली आणि 2017 पर्यंत चालली. तीन नावं झाली, काय वाकडं झालं तिचं?"

मास्तरांनी चहाचा ग्लास उचलला. म्हणजे मुद्दा लागला होता.

इतका वेळ गप्प बसलेला रेवसकर मध्येच बोलला, "नावात जोर असता तर रामदास बुडाली असती का?"

आमच्या भागात हे नाव कोणी सहज घेत नाही. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात फेकून देऊन जितकी माणसं हाताला लागली तितकी वर ओढली. रेवसकराच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. त्याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी 1927 च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावंसुद्धा उपयोगी पडली नाहीत, हा त्याचा मुद्दा.

मला तो अर्धाच पटतो. ती नावं समुद्रासाठी नव्हतीच मुळी. स्वदेशीच्या काळात कोकणी माणसांनी काढलेली ती कंपनी, लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. वारकऱ्याला तुकाराम, रामदासी माणसाला रामदास. आणि ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट अँथनी, सेंट झेविअर याही बोटी होत्या. गोऱ्यांच्या कंपनीचं तिकीट सोडून माणूस आपल्या बोटीत यावा, यासाठीचा तो सगळा खटाटोप. नाव वाचणारा धक्क्यावर उभा असतो. बोट तरते ती सांगाड्यावर आणि आत किती माणसं कोंबली यावर.

"मग खांदेरीचं काय म्हणाल?" मास्तर परत उभे राहिले. "थळच्या समोरचं बेट, 1679 ला महाराजांनी किल्ला बांधला. पाणबुडीला ते नाव दिलं 1968 मध्ये. ती 1989 ला निवृत्त झाली, 2019 ला नवी पाणबुडी आली, तिचंही नाव खांदेरीच. आरमार नाव मोडत नाही, पुढच्याला देतं."

"आणि बेटाचं?" पंत हसला. "1998 ला कान्होजी आंग्रे बेट केलं की सरकारने! पाणबुडी खांदेरी राहिली आणि खांदेरीचंच नाव बदललं."

"कागदावर," मास्तर म्हणाले. "वेताळाला नारळ द्यायला निघालेला कोळी अजून खांदेरीलाच जातो."

हे मात्र खरं. थळच्या बंदरावर सरकारी नाव घेऊन होडी विचारलीत तर आधी तुम्हाला पर्यटक समजतील आणि मग भाडं सांगतील.

नाखवा इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून होता. पेंटरचे दोन फोन येऊन गेले होते.

"अरे, तुझं काय ठरलं शेवटी?"

"आईच नको म्हणते," तो वैतागून म्हणाला. "म्हणते, माझं नाव नाळेवर घालशील आणि उद्या बोट गाळात फसली की अख्खं बंदर ओरडणार, सुलोचना फसली, सुलोचनाला ओढा. डिझेलवाला चारचौघांत विचारणार, सुलोचनाची उधारी कधी मिळणार? मला या वयात हे नको."

"मग श्रावणीच राहू दे," रेवसकर म्हणाला. "उधारी थकली तर बोंब रत्नागिरीच्या नावाने होईल."